ऑसबोर्नचा दरबार

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या वाइट बेटावर असलेले ऑसबोर्न हे राणी व्हिक्टोरियाचे खासगी निवासस्थान होते. १८४५ साली ही जमीन विकत घेण्यात आली. तेथील जुने घर पाडून प्रिन्स अल्बर्ट आणि कंत्राटदार थॉमस क्यूबिट यांनी १८५१ पर्यंत इटालियन धर्तीचा प्रासाद उभारला. समोरची सामुद्रधुनी पाहून अल्बर्टला नेपल्सच्या उपसागराची आठवण होई. मनोरे, कारंजी, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या बागा हे सारे त्या आठवणीचेच विस्तार होत. मुलांसाठी १८५३-५४ मध्ये स्विस धर्तीची एक कुटी बांधली गेली. तेथे राजपुत्र भाजीपाला पिकवीत आणि वडील तो बाजारभावाने विकत घेत. अर्थशास्त्राचे इतके सुखद पाठ फार थोड्यांच्या वाट्याला येतात!

भारतीय अभ्यासकाची पावले मात्र १८९०-९१ मध्ये वाढविलेल्या भागापाशी रेंगाळतात. राणीला १८७६ साली सम्राज्ञी ही पदवी मिळाली; परंतु तिने हिंदुस्थान कधीच पाहिला नाही. १८८७ पासून ती अब्दुल करीम याजकडून हिंदुस्थानी शिकू लागली आणि पुढे स्वतःच्या घरातच तिने एक हिंदुस्थान उभा करविला. त्याचे नाव दरबार दालन. त्याची आखणी लॉकवुड किपलिंग व लाहोरच्या कलाशाळेतील त्यांचे शिष्य भाई रामसिंग यांनी केली. किपलिंग हे त्यापूर्वी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. दालनातील कोरीवकाम दगडाचे वा लाकडाचे वाटते. वस्तुतः छतावरील व भिंतींवरील बरेचसे नक्षीकाम गिलाव्याच्या साच्यांतून काढलेले आहे. शेकोटीवरील पिसारा फुलविलेला मोर मात्र कोणाचीही नजर खिळवून ठेवतो.

येथे शब्दाकडेही पाहावयास हवे. फारसीत ‘दर’ म्हणजे द्वार आणि ‘बार’ म्हणजे राजाच्या भेटीची मुभा. मराठीत दरबार ‘भरतो’: मानकरी, अर्जदार, निवाडा मागणारा रयतेचा माणूस, यांच्यावाचून त्या क्रियापदाला अर्थ नाही. ऑसबोर्नला पोहोचताना या शब्दाचे क्रियापद वाटेतच गळाले. तेथे मेजवान्या झाल्या, करमणुकीचे प्रवेश झाले; परंतु दाद मागावयास कोणी आले नाही. हिंदुस्थानातून आली ती राज्यारोहणाच्या सुवर्ण व हीरक महोत्सवांची मानपत्रे, नक्षीदार करंडकांत बंद केलेली.

२२ जानेवारी १९०१ रोजी राणी याच प्रासादात निवर्तली. पुढील वर्षी सातव्या एडवर्डने तो राष्ट्रास दिला. दालनाकडे नेणाऱ्या मार्गिकेत रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराने रंगविलेली हिंदुस्थानी माणसांची चित्रे आहेत; त्याने १८९२ मध्ये भाई रामसिंग यांनाही चित्रबद्ध केले.