ग्रामनामसाधित आडनावे

गावाच्या नावावरून पडलेली कुलनामे. मराठीत ती बहुधा ग्रामनामास ‘कर’ हा प्रत्यय लागून होतात. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील लवळे या गावावरून झालेले ‘लवळेकर’ हे त्याचे सरळ उदाहरण होय. ‘मूळचा लवळ्याचा’ एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यय लागताना लवळे, पुणे यांतील एकार टिकतो (लवळेकर, पुणेकर), तर सातारा, मंगेशी यांचा अन्त्य स्वर लोपतो (सातारकर, मंगेशकर).

असे नाव गावात नव्हे, गावाबाहेर पडते. लवळ्यात सगळेच लवळ्याचे. त्यामुळे तेथे ‘लवळेकर’ म्हटल्याने कोणाची वेगळी ओळख पटत नाही. चाकरी, व्यापार वा शिक्षण यांनिमित्त कुटुंब परगावी गेले, की मूळ गाव त्याचे नाव बनते. या दृष्टीने ‘कर’ प्रत्ययान्त आडनाव ही पुष्कळदा स्थलांतराची खूण असते. मात्र सत्तास्थानावरूनही असे नाव पडे. पेशवेकाळातील बाबूजी नाईक जोशी यांचे घराणे बारामतीकर म्हणून ओळखले गेले.

पाटील, कुलकर्णी, देशपांडे या आडनावांतून वतनाचा हुद्दा कळतो. ‘कर’ प्रत्ययान्त नावावरून मात्र हुद्दा कळत नाही, जातही कळत नाही. होळ या गावावरून झालेले मल्हारराव होळकर (१६९३–१७६६) यांचे आडनाव, रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावाशी निगडित असलेले बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) यांचे आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–८२) यांचे, ही तिन्ही एकाच घडणीची. समाज मात्र तीन.

इतर भाषांतही हा प्रकार आढळतो. स्पॅनिशमध्ये ‘तोलेदानो’ म्हणजे तोलेदो शहराचा, ‘नाबार्रो’ म्हणजे नाबार्रा प्रांताचा. ‘फेर्नांदेथ’ हे नाव मात्र पितृवाचक असून त्याचा अर्थ फेर्नांदोचा वंशज असा आहे. त्याचेच पोर्तुगीज रूप ‘फर्नांडिस’ सोळाव्या शतकापासून गोवा व वसई भागांत रुजले. धर्मांतराच्या वेळी पाद्री किंवा धर्मपिता यांचे आडनाव घेण्याची रीत असल्याने तेथील फर्नांडिस घराण्याच्या नावावरून त्याचा वंश किंवा मूळ गाव ठरविता येत नाही.

वसाहतींच्या व स्थलांतरांच्या इतिहासास ही आडनावे उपयुक्त आहेत. तथापि ती एकटी पुरावा ठरत नाहीत. वडगाव, पिंपळगाव अशी नावे अनेक जिल्ह्यांत आढळतात. त्यामुळे कोणते वडगाव हे वतनपत्रे, कुलदैवत व कुलवृत्तान्त यांच्या आधारेच निश्चित करावे लागते.