खांदेरी : बेट आणि पाणबुडी

आम्ही वर्धेकर समुद्रापासून शेंकडों मैल दूर राहणारे. धाम नदीचा पूर हाच आमच्या मुलांचा सागर. तरीही एकदां वर्गांत शिवकालीन आरमार शिकवीत असतां ओघानें पाणबुडीचें वर्णन आलें, आणि एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, न दिसतां मारणें याला शौर्य कसें म्हणावयाचें?" सेवाग्रामच्या शेजारीं वाढलेल्या मुलानें हें विचारावें यांत नवल नाहीं, परंतु समाधानकारक उत्तर मला त्या दिवशीं देतां आलें नाहीं. आज तो प्रयत्न करतों.

मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी नांवाचें खडकाळ बेट आहे. १६७९ सालीं शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें मायनाक भंडारी यानें तेथें तटबंदीस आरंभ केला. मुंबईच्या इंग्रजांना तें सहन होण्यासारखें नव्हतें. त्यांनीं जहाजें पाठवून बेटाची नाकेबंदी केली. इंग्रजांचीं जहाजें मोठीं, तोफा भारी. मराठ्यांच्या होड्या लहान, पण उथळ पाण्यांतून वल्ह्यांच्या बळावर चालणाऱ्या. रात्रीच्या अंधारांत त्या इंग्रजांना चुकवून बेटावर माणसें व सामग्री पोंचवीत. ऑक्टोबरांत दौलतखानाच्या आरमारानें उघड लढाईही दिली. अखेर १६८० च्या आरंभीं इंग्रजांना माघार घ्यावी लागली. ज्याचें बळ कमी, त्यानें बलाढ्यापुढें टिकावयाचें तर अंधाराचा आश्रय करावा लागतो, हें खांदेरीनें दाखविलें.

हेंच नांव भारतीय नौदलानें आपल्या पाणबुडीस दिलें. पहिली 'खांदेरी' सोव्हिएत बनावटीची. ती १९६८ सालीं दाखल झाली व १९८९ सालीं निवृत्त झाली. दुसरी, फ्रेंच आराखड्यावरून मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली, २८ सप्टेंबर २०१९ रोजीं दाखल झाली. तिची लांबी सुमारें ६७ मीटर. पण तिचें तत्त्व शाळेंतील प्रयोगाइतकें सोपें आहे. टाक्यांत समुद्राचें पाणी घेतलें कीं ती बुडते. दाबून सांठविलेल्या हवेनें तें बाहेर लोटलें कीं वर येते. पाण्याखालीं ती विजेच्या घटांवर जवळजवळ निःशब्द चालते. घट भरण्यासाठीं डिझेल यंत्रें चालवावयाचीं, तर हवेची नळी पृष्ठावर काढावी लागते, आणि त्या वेळीं शत्रूस सुगावा लागण्याचें भय फार.

याहूनही लहान वाहनें बुडी मारून लढणाऱ्या सैनिकांचीं. डिसेंबर १९४१ मध्यें सहा इटालियन पाणबुडे, दोघे दोघे एकेका वाहनावर घोडेस्वाराप्रमाणें बसून, इजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदरांत शिरले. त्यांच्या सुरुंगांनीं ब्रिटनच्या 'क्वीन एलिझाबेथ' व 'व्हॅलियंट' या प्रचंड युद्धनौका निकामी झाल्या. त्या सहांपैकीं लुईजी द ला पेन्ने स्फोटापूर्वींच पकडला गेला. सुरुंग कोठें आहे हें तो सांगेना, म्हणून त्याला 'व्हॅलियंट'च्याच पोटांत कोंडण्यांत आलें. थोडाच अवधि उरला असतां त्यानें कप्तान मॉर्गन यांस स्फोटाची सूचना दिली, आणि खलाशांना वरच्या तक्तपोशीवर आणतां आलें. पुढें १९४५ सालीं इटलीनें त्यास सुवर्णपदक दिलें, तेव्हां तें त्याच्या छातीवर स्वतः मॉर्गन यांनीं लाविलें.

शत्रूनेंच दिलेली ही साक्ष माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें निम्में उत्तर आहे. उरलेलें मुंबईच्या पाण्यांत सांपडतें. १४ ऑगस्ट २०१३ रोजीं तेथील नौदलाच्या गोदींत 'सिंधुरक्षक' पाणबुडीवर स्फोट होऊन ती बुडाली; १८ नौसैनिक मृत्युमुखीं पडले. तेथें युद्ध नव्हतें, किनारा हांकेच्या अंतरावर होता. तरीही त्यांची सुटका झाली नाहीं. शत्रूपासून लपविणारें पोलाद आपल्या माणसांनाही आंतील माणसापर्यंत सहज पोंचूं देत नाहीं. हें जाणून जो आंत उतरतो, त्याला भित्रा म्हणणें मला शक्य नाहीं.

तथापि मारणें हें मारणेंच, आणि त्या मुलाची शंका मी खोडून काढीत नाहीं. ती वर्गांत जागी राहावी. मात्र तो आज भेटला, तर खांदेरीच्या रात्रींबरोबर 'व्हॅलियंट'वरील ती सूचना आणि ते १८ नौसैनिक यांचीही गोष्ट मी त्याला सांगेन.