बंदुकीतली तरफ

तरफ शिकवताना आपण कात्री, अडकित्ता, चिमटा आणि पहार ही ठरलेली उदाहरणे देतो. बल्लारपूरच्या शिक्षकाला पहारीचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. तेथील लाकूड आगारात आलापल्लीकडच्या जंगलातले सागाचे ओंडके येऊन पडतात. पहारीचे टोक ओंडक्याखाली सरकवून, जवळ एक दगड टेकूला ठेवून दुसरे टोक दाबले की दोघा-चौघांना न हलणारा ओंडका एकटा माणूस हलवतो. बलभुजा लांब, भारभुजा आखूड. बाकी सारे गणित त्यात आले.

याच तरफेचे एक उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडत नाही. चापाभोवतीच्या कडीला जोडलेली दांडी बोटांनी खाली ओढायची आणि परत वर आणायची, की रिकामे काडतूस बाहेर आणि नवे आत. इंग्रजीत हिला ‘लिव्हर ऍक्शन’ रायफल म्हणतात. आपण तिला दांडीची रायफल म्हणू. ज्यांच्याकडे ती आहे ते तिला जिवापाड जपतात. का जपतात, हे समजायचे तर आधी तिच्यापूर्वीची बंदूक पाहायला हवी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांनी त्या बंदुकीचे नाव नक्कीच ऐकलेले असते.

भरमार

ठासणीच्या बंदुकीला आपल्या भागात ‘भरमार’ म्हणतात. नळीच्या तोंडातून मोजकी दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग गोळी किंवा छर्रे, पुन्हा बोळा, आणि हे सारे गजाने ठासायचे. मागच्या बाजूला टोपी बसवायची आणि घोडा मागे ओढायचा. सरावलेला माणूसही मिनिटाला दोन-तीनच बार काढू शकतो. दारू दमट झाली तर तेही नाही. पहिला नेम चुकला की शिकार पळून जाते, नाहीतर शिकाऱ्यावर येते.

यावर जुन्या शिकाऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे दुनळी. भरायला वेळ लागतो ना, मग दुसरी नळी आधीच भरून ठेवा! जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याचे मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचे पुस्तक 1871 साली प्रसिद्ध झाले. त्याच्या काळातल्या शिकाऱ्यांचा भरवसा अशाच जाड गोळीच्या दुनळीवर होता. पण दुनळीतही बार दोनच.

गुडघ्याचा सांधा

अडचण खरी सोडवली ती पितळी काडतुसाने. दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी एकाच पितळी नळकांड्यात आली. बार उडाला की पितळ क्षणभर फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि गरम वायू मागे येऊ देत नाही. त्यामुळे बंदूक मागच्या बाजूने भरणे शक्य झाले. आता काडतुसे एकामागून एक आत सरकवणारी यंत्रणा तेवढी हवी होती.

अमेरिकेत बेंजामिन टायलर हेन्री या कारागिराने 1860 साली अशा रायफलीचे पेटंट घेतले. नळीच्या खाली दुसरी एक बारीक नळी, तिच्यात ओळीने काडतुसे आणि त्यांना मागे रेटणारी स्प्रिंग. दांडी खाली ओढली की अडसर मागे जातो, रिकामे नळकांडे बाहेर फेकले जाते, घोडा ताणला जातो आणि नवे काडतूस वर उचलले जाते. दांडी वर आणली की ते नळीत ढकलले जाते. चार कामे, आणि हाताची हालचाल एकच. ज्या कारखान्यात हेन्री काम करी, त्याचा मालक ऑलिव्हर विंचेस्टर हा मुळात शर्ट तयार करणारा व्यापारी. 1866 पासून या रायफली त्याच्या नावाने निघू लागल्या. 1873 चे मॉडेल तर सुमारे सव्वासात लाख विकले गेले.

यातली खरी गंमत अडसरात आहे. बार उडताना प्रचंड दाब मागे येतो. मग बोटांनी हलणारा अडसर तो दाब कसा सोसतो? पाय ताठ करून भिंतीला रेटा द्या. भिंत कितीही दाबली तरी गुडघा वाकत नाही, कारण जोर हाडांच्या सरळ रेषेतून जातो. गुडघा जरा वाकवा आणि पुन्हा रेटा. पाय लगेच दुमडतो. हेन्रीच्या रायफलीत अडसराच्या मागे असेच दोन लोखंडी दुवे खिळीने जोडलेले होते. ते सरळ रेषेत असले की अडसर पक्का. दांडीने ‘गुडघा’ वाकवला की अडसर मोकळा.

वर्गात हे करून दाखवता येते. जाड पुठ्ठ्याच्या वीतभर लांबीच्या दोन पट्ट्या टाचणीने एकमेकींना जोडा. त्या टेबलावर सरळ रेषेत ठेवून दोन्ही टोकांना दाब द्या. पट्ट्या दाब सोसतात. मग मधला सांधा एका बोटाने किंचित बाजूला सारा. एवढ्याशा बळाने सगळी रचना कोसळते.

पण गुडघ्याच्या ताकदीलाही मर्यादा असते. म्हणून या रायफलींना सौम्य काडतुसे लागत. 1873 च्या मॉडेलच्या गोळीचे वजन सुमारे 13 ग्रॅम आणि वेग सेकंदाला सुमारे 380 मीटर. गतिज ऊर्जेचे सूत्र वापरले तर उत्तर 940 जूलच्या आसपास येते. हरणाला हे पुरे. पण आपल्या जंगलातला गवा, ज्याचे वजन हजार किलोच्या घरात जाऊ शकते, त्याच्यापुढे ती रायफल खेळण्यासारखी. हिंदुस्थानातले गोरे शिकारी दुनळीलाच चिकटून राहिले, याचे एक कारण हे.

पुढे जॉन ब्राउनिंगने गुडघ्याऐवजी अडसरामागे उभ्या सरकणाऱ्या पोलादी खुंट्या बसवल्या. त्याच्या 1894 च्या मॉडेलच्या 70 लाखांहून अधिक रायफली विकल्या गेल्या. 1895 च्या मॉडेलमध्ये काडतुसांची नळीही गेली, कारण नळीत एका काडतुसाचे टोक पुढच्याच्या टोपीला टेकते आणि टोकदार गोळी असेल तर धक्क्याने आतच स्फोट होऊ शकतो. त्याऐवजी चापाच्या पुढे पेटी आली. या मॉडेलसाठी 1904 साली .405 बोरचे काडतूस निघाले. त्याच्या गोळीची ऊर्जा 4,300 जूलपर्यंत जाते, म्हणजे जुन्या मॉडेलच्या साडेचारपट. बंगळूरचे शिकारी आणि लेखक केनेथ अँडरसन यांनी दक्षिणेतल्या जंगलांत नरभक्षक वाघांमागे फिरताना हीच रायफल वापरली.

दांडी लांब का केली?

इंग्रज सरकारने 1871 साली आपल्या फौजेसाठी मार्टिनी-हेन्री ही रायफल घेतली. हिलाही चापामागे दांडी होती, पण काडतुसांचा साठा नव्हता. प्रत्येक बाराला एक काडतूस हाताने घालावे लागे. 1857 च्या उठावानंतर देशी पलटणींच्या हाती गोऱ्या शिपायांपेक्षा एक पिढी मागचे हत्यार द्यायचे, असे सरकारचे धोरण होते. त्यामुळे मार्टिनी देशी शिपायांना मिळाली ती उशिरा. 12 सप्टेंबर 1897 रोजी सारागढीच्या चौकीवर 21 शीख शिपाई लढले, ते हीच रायफल घेऊन. गोऱ्या पलटणींकडे तोवर साठ्याची नवी रायफल आली होती.

मार्टिनीचे सुरुवातीचे काडतूस पातळ पितळी पत्रा गुंडाळून बनवलेले असे. लागोपाठ बार केले की नळी तापे, पत्रा फाटे आणि काडतूस आतच अडके. 1880 च्या दशकात सुदानच्या लढायांत हा दोष जिवावर बेतला. त्यावर केलेल्या उपायांपैकी एक तरफेच्या धड्यात घालण्याजोगा आहे. रायफलीच्या चौथ्या आवृत्तीत दांडी लांब केली. बलभुजा वाढली, तेवढ्याच हाताच्या जोराने काडतूस ओढणारे बळ वाढले आणि अडकलेले नळकांडे निघू लागले. आगारातला मजूर ओंडका हलला नाही तर लांब पहार आणतो, तसेच हे.

ती आपल्याकडे का आली नाही?

अमेरिकेत दांडीची रायफल शेतकऱ्याच्या आणि गुराख्याच्या घरात पोचली. चांदा जिल्ह्यातल्या गोंड, माडिया माणसाच्या हाती मात्र भरमारच राहिली. याचे कारण यंत्रात नाही, इतिहासात आहे. 1858 साली बाबुराव शेडमाके यांनी येथील जमीनदारीत उठाव केला. 21 ऑक्टोबर 1858 रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. ज्या राज्याने असे उठाव पाहिले, ते रयतेच्या हाती भराभर बार काढणारे हत्यार देणार नव्हते. 1878 च्या हत्यार कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला, गोऱ्यांना त्यातून सूट दिली. पितळी काडतूस कारखान्यातच होते. दारू आणि शिसे मात्र गावात जमवता येते. म्हणून विसाव्या शतकातही येथे ठासणीची बंदूक टिकली आणि दांडीची रायफल संस्थानिक, अधिकारी, मोठे जमीनदार यांच्यापुरती राहिली. अलीकडच्या वर्षांत गडचिरोलीतल्या अनेक गावकऱ्यांनी स्वतःहून पोलिसांकडे जमा केल्या, त्या भरमारच होत्या.

जपण्याची कारणे

ज्या थोड्या घरांत ती रायफल आली, तेथे ती का जपली जाते? ती चपटी आणि सडपातळ असते. खांद्यावरून न उतरवता, नेम न मोडता पुढचे काडतूस भरता येते. डावखुऱ्यालाही ती तितकीच सोयीची. घोडा बाहेर दिसत असल्याने ती बारासाठी ताणलेली आहे की नाही हे एका नजरेत कळते. आणि मुख्य म्हणजे तिचे यंत्र समजते. दांडी हळू ओढली की कोणता भाग कोणाला हलवतो हे डोळ्यांना दिसते आणि हाताला जाणवते.

आता ती बहुधा मुकी आहे. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपला. ते योग्यच झाले, कारण हाताच्या एका हालचालीत पुढचा बार तयार करणारे यंत्र शिकाऱ्याचे काम जितके सोपे करते, तितकी जनावराची सुटण्याची संधी कमी करते. .405 सारखी काडतुसे आपल्याकडे बनत नाहीत. आपले कारखाने मुलकी परवानाधारकांसाठी.315 बोरची आणि 12 बोरची काडतुसे करतात. त्यातच 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवण्याची मुभा उरली. वारशाने आलेली हत्यारेही त्यात धरली जातात. ज्यांच्याकडे तीन होती त्यांना एक जमा करणे भाग पडले. चालणारी ठेवावी की आजोबांची ठेवावी? व्यवहार पाहिला तर दांडीची रायफल आधी जायला हवी, कारण तिला काडतूसच नाही. पण अशी वस्तू सोडवत नाही. तिच्यात एका माणसाची आठवण असते आणि एका युगाची कारागिरीही.

विद्यार्थ्यांना हे यंत्र समजावण्यासाठी कोणाच्या घरची बंदूक पाहण्याची गरज नाही. सहल नागपूरला गेली तर 1863 साली सुरू झालेल्या तेथील मध्यवर्ती संग्रहालयाच्या शस्त्र दालनात जुन्या बंदुका काचेआड पाहता येतात. प्रत्येक बंदुकीपुढे उभे राहून मुलांना दोनच प्रश्न विचारावेत: ही कोणत्या बाजूने भरायची, आणि बार उडताना मागचा दाब कोण सोसतो? जिला दांडी असेल तिच्यापुढे तिसरा: टेकू कोठे आहे?