चालतें प्रेत आणि त्याचा धनी

पडद्यावरील झॉम्बीचे संकेत आतां पोराटोरांसही पाठ आहेत : अडखळती चाल, शून्य नजर, चाव्यानें पसरणारी बाधा. परंतु हीं प्रेतें मुळांत माणसें खात नसत, राबत असत. १९३२ च्या 'व्हाइट झॉम्बी'मध्यें हैतींतील साखरेच्या कारखान्यांत तीं निमूट चरक फिरवितात. एक आंत पडतो. बाकीचे थांबत नाहींत. धनी तेथेंच असतो. गुलामगिरीनें पोळलेल्या त्या देशांत मरणानंतरही न सुटणारी वेठ हेंच खरें भय होतें.

१९६८ सालीं जॉर्ज रोमेरो यांनीं प्रेतांस नरमांसाची भूक दिली ('झॉम्बी' हा शब्द मात्र त्या चित्रपटांत कोणी उच्चारीत नाहीं !) आणि धनी नाहींसा केला. दोष द्यावयास कोणी उरलें नाहीं. ही सोय पुढील पुष्कळ दिग्दर्शकांस मानवली, असें आम्हांस वाटतें.

मुलुंडच्या पुढें याच लोहमार्गावर डोंबिवली आहे. २०२२ सालीं आदित्य सरपोतदार यांनीं 'झोंबिवली'ची कथा तेथें घडविली. चाल तीच, चावा तोच. पण बाधेचा माग बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यापर्यंत पोंचतो, आणि नव्वद वर्षांपूर्वींचा तो धनी ठाणें जिल्ह्यांत पुन्हां दृष्टीस पडतो.