स्कॉटलंडच्या डोंगरापासून राळेगणच्या चरापर्यंत

राळेगणसिद्धीच्या उतारांवरचे समतल चर पाहणाऱ्याला गावच्या मातीतलेच वाटतात. पण ज्या रेघेवर ते खणले जातात ती रेघ फार लांबून आली आहे. 1774 साली नेव्हिल मॅस्केलिन या खगोलशास्त्रज्ञाने स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराजवळ ओळंबा किती ओढला जातो ते मोजलं. त्याला पृथ्वीची घनता काढायची होती आणि त्यासाठी डोंगराचं वस्तुमान हवं होतं. ती आकडेमोड गणितज्ञ चार्ल्स हटनकडे आली. शेकडो उंचींच्या आकड्यांतून काही दिसेना, तेव्हा त्याने सारख्या उंचीचे बिंदू रेघेने जोडले आणि डोंगराचा आकार कागदावर उमटला. पाण्याखालची खोली दाखवायला अशा रेघा आधीही वापरत. डोंगरावर त्यांचा खरा उपयोग दिसला तो इथे.

आपल्याकडे ही सारख्या उंचीची रेघ, म्हणजे समोच्च रेषा, उशिरा पोचली. सर्व्हे ऑफ इंडियाची सुरुवात 1767 ची. विल्यम लॅम्बटनने 1802 च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजायला घेतली आणि तिथून त्रिकोणांचं जाळं पसरत नेलं. हे काम करता करताच जानेवारी 1823 मध्ये तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. 1827 पासून निघालेल्या ‘ॲटलस ऑफ इंडिया’त एका इंचात चार मैल मावत आणि डोंगर दिसत ते उताराच्या दिशेने मारलेल्या बारीक फटकाऱ्यांनी. पत्रकं देखणी होती, पण त्यांवरून एखाद्या जागेची उंची सांगता येत नसे. एका इंचाला एक मैल या मापाचं, रंगीत, समोच्च रेषांचं पत्रक, म्हणजे टोपोशीट, रुळलं ते 1905 नंतरच्या नव्या मोजणीत. मोजणीदार प्लेन टेबल मांडून ओळखीच्या खुणांवर नजर लावी, रेघा मारी, आणि त्याचे मदतनीस खलाशी झेंडा घेऊन पुढच्या टेकाडावर चढत.

लष्कराला काय लागेल हे डोळ्यांपुढे ठेवून ही पत्रकं काढली गेली, म्हणून त्यांत विहिरी आहेत, गाडीवाटा आहेत, दुरून दिसणारी देवळं आहेत. जमीन कुणाची, हे त्यांत सापडत नाही. त्यासाठी गावनकाशा काढावा लागतो. तो महसुलाच्या मोजणीतून आला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात ज्या पद्धतीचा पाया घातला, तीच पुढे दख्खनभर पसरली. 33 फुटी साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, हे माप शेतकऱ्याच्या तोंडी आजही आहे. टोपोशीट आणि गावनकाशा शेजारी ठेवल्याशिवाय खेड्याचा भूतकाळ वाचू नये. एकात पाण्याची वाट कळते, दुसऱ्यात मालकी.

राळेगणसिद्धी 47 जे/5 या पत्रकात येतं. गावाचं क्षेत्र सुमारे 980 हेक्टर. 1:50,000 च्या नकाशावर ते जेमतेम सहा-सव्वासहा सेंटिमीटर लांब-रुंद भरतं. एवढ्याशा तुकड्यात पाहायचं ते काळ्या रेघांकडे. सर्व्हेच्या पत्रकांवर बारमाही पाणी निळं असतं आणि पावसाळा सरला की आटणारे ओढे काळे. राळेगण ज्यात येतं तो पारनेर तालुका पर्जन्यछायेतला, तेव्हा इथे काळ्याचंच राज्य.

1975 मध्ये लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांच्यापुढे हेच कोरडे ओढे होते. 1972 च्या दुष्काळात झालेला पाझर तलाव गळत होता. गावकऱ्यांनी आधी तो दुरुस्त केला. पुरंदरमध्ये पाणी पंचायत उभी करणाऱ्या विलासराव साळुंखे यांच्या कामातून शिकून पुढे नालाबांध, चर, झाडं असं माथा ते पायथा काम झालं. त्याच दशकात राज्याच्या भूजल यंत्रणेनेही महाराष्ट्राची सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रं पाडली, ती या टोपोशीटांवरूनच. डोंगर मोजण्यासाठी काढलेली रेघ इथे पाणी अडवण्याच्या कामी आली. त्या रेघेचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

मात्र नकाशावर सगळा भार टाकू नये. 20 मीटरच्या अंतराने काढलेल्या रेषांमध्ये एखादी घळ हरवते. म्हणून पाणलोटाची हद्द टोपोशीट देतं, पण चर कुठून जाईल ते जागेवर पातळी लावूनच ठरतं.

जुनं पत्रक हाती आलं तर आधी समास वाचावा. मोजणीचं वर्ष आणि छपाईचं वर्ष वेगळं असतं, आणि इतिहासाला लागतं ते मोजणीचं. 1950 च्या दशकातली अमेरिकी लष्कराची 1:2,50,000 ची पत्रकं टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. सर्व्हे ऑफ इंडियाची नवी पत्रकं 2017 पासून मोफत उतरवून घेता येतात. 1972 आधी मोजलेल्या पत्रकात पाझर तलाव नसणारच. तिथली काळी रेघ नव्या पत्रकावर शोधावी, तलावाखालच्या विहिरी मोजाव्यात, आणि त्यांतल्या कुठल्या आधीच्या आणि कुठल्या नंतरच्या हे ज्यांच्या शिवारात त्या आहेत त्यांना विचारावं.