पिंजोरचे आकाश आणि वैमानिकाचे कान

वेगवान वाहतुकीच्या रस्त्यांकडे घरांची दारे उघडू नयेत, असा दंडक घालून ल कॉर्ब्युझिए यांनी चंदीगडची सेक्टरे आखली खरी, पण शांततेचा हा बंदोबस्त जमिनीपुरताच होता. कारण १९६३ साली भारतीय हवाई दलाची पहिली मिग-२१ विमाने याच शहरी दाखल झाली, आणि लडाखच्या ठाण्यांना रसद पोचविणाऱ्या अवजड विमानांची घरघर येथील दिनक्रमाचाच एक भाग होऊन बसली. लष्करी अंमलाखालच्या या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकास वाव तो कितीसा असणार! हलक्या विमानांचा संसार त्यामुळे शिवालिकच्या पायथ्याशी, मोगल धाटणीच्या बागेसाठी प्रसिद्ध असलेल्या पिंजोरास, आणि तिकडे पतियाळ्यास थाटला गेला. युद्धविमानांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत; या चिमुकल्या विमानांत गुरूचा शब्द शिष्याच्या कानापर्यंत कसा पोचला, हा मामला मात्र कोणाच्या दप्तरी फारसा नोंदलेला दिसत नाही.

आरंभी विमानाची बैठक उघडी असे, आणि वारा व इंजिन यांच्या संयुक्त गर्जनेत मागचापुढचा संवाद जवळजवळ अशक्यच होता. १९१७ च्या सुमारास इंग्लंडातील गॉस्पोर्टच्या वैमानिक शाळेत यावर तोड निघाली ती एका रबरी नळीची: एका टोकास गुरूचे तोंड, दुसऱ्या टोकास शिष्याच्या शिरस्त्राणातील कान. ही नळी बहुधा एकमार्गी असे, म्हणजे आज्ञा यावी, प्रत्युत्तर जाऊ नये. आपल्याकडील जुन्या तालीमबाज गुरुजींना ही तजवीज फारच पसंत पडली असती. १९२९ च्या फेब्रुवारीत जे. आर. डी. टाटा यांना भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो याच उघड्या विमानांच्या जमान्यात.

पुढे स्वतंत्र भारताच्या फ्लाइंग क्लबांना आपले असे विमान लाभले, आणि त्याचे श्रेय एका मराठी माणसाकडे जाते. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे हे जर्मनीत ग्योटिंगेन येथे प्रांट्ल यांच्यासारख्या वायुगतिशास्त्राच्या आद्याचार्यांपाशी शिकले, आणि बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी रचलेले ‘पुष्पक’ १९५८ साली प्रथम उडाले. दोन आसने शेजारी शेजारी, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापडाचे आच्छादन, आणि नव्वद अश्वशक्तीचे इंजिन, एवढाच त्याचा सरंजाम. कर्नालच्या क्लबातील अशाच एका पुष्पकातून अंतराळवीर कल्पना चावला यांना लहानपणी वडिलांनी फेरी घडवून आणली होती. पुढे त्यांनी १९८२ साली चंदीगडच्याच पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून वैमानिकी अभियांत्रिकीची पदवी घेतली.

गुरू शेजारी आला म्हणजे नळी नको, हे खरे. पण गोंगाट काही गेला नाही, आणि त्याचे गणित मोठे विलक्षण आहे. अशा विमानाचे चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटास चोवीसशे फेरे घेऊ लागले, की सेकंदास ऐंशी स्फोट होतात. त्याच इंजिनास थेट जोडलेल्या दोन पात्यांच्या पंख्याचे फटकारेही नेमके ऐंशीच! या खर्जातल्या ध्वनीची लाट चार मीटरांहून लांब असते. तिला कापूस, स्पंज अथवा प्लॅस्टिकची वाटी सहसा दाद देत नाही. अमेरिकेच्या डेव्हिड क्लार्क कंपनीने १९७५ साली लहान विमानांसाठी कान झाकणारे जे हिरव्या वाट्यांचे हेडसेट आणले, त्यांनी वरच्या पट्टीचा कर्कशपणा उत्तम अडविला. खर्ज मात्र शिल्लक राहिला, आणि तासाभराच्या उड्डाणानंतर डोके जड होते ते या खर्जानेच.

काट्याने काटा काढण्याची युक्ती पाउल ल्यूग या जर्मनाने पूर्वीच सुचविली होती, आणि १९३६ साली अमेरिकेत तिचे पेटंटही त्याला मिळाले होते: गोंगाटाची लाट टिपावी, आणि तिच्या उलट लाट त्याच क्षणी निर्माण करून दोहोंचा परस्पर लय घडवावा. तेवढी चपळ विद्युत्‌यंत्रणा त्या काळी नव्हती. ब्रिटिश पोलिसांचा ससेमिरा चुकवून कलकत्त्याहून अमेरिकेस गेलेल्या एका बंगाली क्रांतिकारकाचे पुत्र, अमर बोस, १९७८ साली झुरिचहून परतताना विमानातल्या हेडफोनांवर त्रासले, आणि प्रवास संपण्यापूर्वीच त्यांनी या प्रश्नाची प्राथमिक आकडेमोड कागदावर उतरविली. १९८६ च्या डिसेंबरात ‘व्हॉयेजर’ या विमानाने न थांबता, वाटेत इंधन न घेता, नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्याच्या दोघा वैमानिकांच्या कानांवर या संशोधनाचेच प्रायोगिक नमुने होते, आणि १९८९ साली ती वस्तू बाजारात आली.

तथापि यंत्र कितीही हुशार असो, ते सोसायचे आहे डोक्याला, आणि डोकी सगळीकडे सारखी नसतात, ही बाब चंदीगडच्या मुलखात जितकी उघड दिसते तितकी अन्यत्र क्वचितच. १९१७ साली ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झालेले हरदित सिंग मलिक यांनी पगडी सोडण्यास नकार दिला, तेव्हा पगडीवर बसेल असे प्रशस्त शिरस्त्राण मुद्दाम बनवून घ्यावे लागले. हेडसेटाची अडचण त्याहून नाजूक आहे; पगडीचा पदर कानावरून गेला की गादी आणि त्वचा यांत फट पडते, आणि त्या फटीतून गोंगाट आत शिरतो. चष्म्याची काडीही हाच उपद्रव देते, म्हणून चष्मेवाल्याने बारीक काडीचा चष्मा लावून, आणि पगडीधारकाने पगडीसकट, हेडसेट पारखावा हे बरे. कानांवरचा दाब सैल असेल तर आवाज आत येतो, घट्ट असेल तर कपाळशूळ उठतो; उत्तरेतल्या जेठ महिन्यात चामड्यासारख्या गाद्या घामाने ओल्या होतात, तिथे कापडी आवरण सुखाचे. दुकानात पाच मिनिटे घालून ‘छान आहे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा भरवसा मी तरी धरणार नाही. निदान तासभर तरी ते ओझे डोक्यावर वागवावे. आणि विजेऱ्या मध्येच संपल्या तर निव्वळ वाट्यांच्या जोरावर किती आवाज अडतो, ते यंत्रणा बंद करून, इंजिन चालू असतानाच पाहून घ्यावे.