१०० व्होल्टचा जपानी सिंथ आपल्याकडच्या २३० व्होल्टवर कसा चालवायचा?

जुने रोलँड, यामाहा, कॉर्ग आता जपानमधून थेट मागवता येतात. ऑर्केस्ट्रावाले, बेंजो पार्टीवाले आणि घरी ट्रॅक बनवणारी पोरं, सगळेच मागवतात. फक्त खोक्यातून बाहेर काढून थेट बोर्डात लावायची घाई करू नका. जपानमध्ये घरची वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत १२० ची आणि आपल्याकडे २३० ची.

"पण माझा फोनचा चार्जर तर कुठेही चालतो!" बरोबर. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, कारण त्यातलं सर्किट इनपुट बघून स्वतःला जुळवून घेतं. १९७०-८० च्या बहुतेक सिंथमध्ये मात्र लोखंडी गाभ्याचा साधा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याला गुणोत्तर तेवढं कळतं. समजा तो १०० चे १८ व्होल्ट करतो. त्याच हिशोबाने २३० चे ४१ होतील आणि डीसी झाल्यावर ५५ च्या पुढे जातील. पुढे बसलेल्या ७८१५ सारख्या रेग्युलेटरची इनपुटची मर्यादा ३५ व्होल्ट. फ्यूज वेळेत उडाला तर नशीब, नाहीतर आजच्या घडीला न मिळणाऱ्या आयसी जळतात.

म्हणून सगळ्यात आधी मागचं लेबल वाचा. मॉडेलचं नाव बघून अंदाज बांधू नका, कारण एकच मॉडेल वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या व्होल्टेजचं निघायचं. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रागांवर जो सिंथ अल्बम काढला, त्यातला ज्युपिटर-८ आणि टीबी-३०३ त्यांनी सिंगापूरहून आणले होते. सिंगापूरची वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. त्यामुळे वाद्य कोणत्या कंपनीचं यापेक्षा ते कोणत्या बाजारासाठी बनलं हे महत्त्वाचं. आणि टीबी-३०३ तर सेलवर किंवा छोट्या अडॅप्टरवर चालतो. अशा यंत्राला योग्य डीसी व्होल्टेज आणि पोलॅरिटीचा इथलाच अडॅप्टर घेतला की झालं.

स्टेप-डाउन घेताना

बाजारात सहज मिळतो तो ११० व्होल्टचा. १०० च्या यंत्राला तो १० टक्के जास्त देतो. लगेच काही होत नाही, पण रेग्युलेटर तापतात, आणि चाळीस वर्षांच्या जुन्या कपॅसिटरला ही उष्णता नको असते. त्यापेक्षा ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्याकडून करून घ्या. त्याला सांगा: इनपुट २३०, आउटपुट १००, डबल वाइंडिंग, १०० व्हीए. लेबलवर ३० वॅट असेल तर एवढा पुरे. 'डबल वाइंडिंग' हा शब्द विसरू नका. स्वस्त ऑटो-ट्रान्सफॉर्मरमध्ये एकच वाइंडिंग असतं. त्याची कॉमन वायर तुटली की पूर्ण २३० सिंथकडे जाऊ शकतात. आणि प्रवासातला पिन बदलायचा अडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही!

हर्ट्झचं काय? स्टेप-डाउनने ५० चे ६० होत नाहीत. जपानच्या पूर्व भागात ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ आहे, त्यामुळे जपानी यंत्रावर बहुधा ५०/६० असतं. फक्त ६० लिहिलेल्या अमेरिकन यंत्राचा ट्रान्सफॉर्मर मात्र ५० वर जास्त तापतो. तिथे ११० व्होल्ट देणं १२० पेक्षा बरं. सूर बदलेल का? सिंथचा नाही, त्याचे ऑसिलेटर डीसीवर चालतात. जुन्या हॅमंड ऑर्गनची गोष्ट वेगळी. त्याची मोटार हर्ट्झवरच फिरते, म्हणून ६० चा ऑर्गन ५० वर तीन स्वरांपेक्षा थोडा जास्तच उतरतो (काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजून).

आपल्याकडची खरी अडचण

इकडे विष्णुपुरीसारख्या गोदाकाठच्या भागात शेतातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं, बंद झाल्या की चढतं. स्टेप-डाउन ते लपवत नाही, त्याच प्रमाणात पुढे पाठवतो. बोर्डात २५० आले तर १०० चे १०९ होतात, १९० आले तर ८३. म्हणून आधी स्टॅबिलायझर, मग स्टेप-डाउन, मग सिंथ. वरातीच्या जनरेटरवर लावायचं असेल तर आधी मल्टिमीटरने मोजा, लाइट-अ‍ॅम्प सगळं चालू असताना. घरचा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर टाळा.

घूं असा हम आला की काही जण अर्थिंगची पिनच काढून टाकतात. असं कधीच करू नका. आत गळती असेल तर सिंथची बॉडी आणि तिला जोडलेला सगळा साउंड करंटमध्ये येतो, आणि झटका बसतो तो माइकला ओठ लावून गाणाऱ्याला. स्टेप-डाउनचं सॉकेट तीन पिनचंच घ्या आणि अर्थ आरपार जोडलेली आहे का ते तपासा.

पहिल्यांदा चालू करताना इलेक्ट्रिशियनकडचा सिरीज बोर्ड मागा, १०० वॅटचा पिवळा बल्ब लावलेला. स्टेप-डाउन त्याच्यामागून जोडा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच भकाभक पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करून दुरुस्तीला न्या. काही मॉडेलच्या ट्रान्सफॉर्मरला २२०-२४० च्या जास्तीच्या वायरी आधीच असतात. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तसं दिसलं तर मेकॅनिककडून त्या जोडून घ्या, म्हणजे वेगळा डबा बाळगायला नको. फक्त फ्यूजही बदलायला सांगा. २३० वर करंट निम्म्याहून कमी लागतो, जुना फ्यूज वेळेत उडणार नाही.